मदत हवी आहे: घरच्या हॉट टबच्या पाण्यात नेमकं काय टाकायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरच्या बेसा भागात राहतो. आईच्या गुडघ्यांसाठी दिवाळीनंतर गच्चीवर चार जणांचा हॉट टब बसवला. पाणी बोअरचं, चांगलंच जड. जेटच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, नखाने खरवडला तर खवल्यासारखा निघतो.

अडचण औषधाची आहे. इतवारीतल्या एका दुकानातून क्लोरीन म्हणून साध्या पिशवीत सुटी पावडर मिळाली. नाव नाही, टक्केवारी नाही, तारीख नाही. ती वापरल्यावर आईच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ उठलं. तेव्हापासून टब बंद आहे.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे वाचले: हॉट टबमध्ये क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात ३ भाग) किंवा जंतू मारणारं दुसरं औषध ब्रोमीन ४ ते ८ पीपीएम, पीएच (पाण्याची आम्लता) ७ ते ७.८, तापमान ४० अंशांच्या आत. सायन्युरिक आम्ल (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) असलेलं क्लोरीन ते हॉट टबसाठी नको म्हणतात, आणि टीसीसीए या क्लोरीनच्या प्रकाराच्या गोळ्यांत नेमकं तेच असतं. शिवाय टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट हा क्लोरीनचा दुसरा प्रकार एकत्र आले तर आग लागू शकते. माझ्या पिशवीत यातलं काय आहे, कसं ओळखू?

आपल्याकडे पोहण्याच्या तलावांसाठी आयएस ३३२८ हे पाण्याच्या गुणवत्तेचं भारतीय मानक आहे. घरगुती टबला ते लावायचं का? नागपुरात लेबल असलेल्या ब्रोमीनच्या गोळ्या आणि तपासणीच्या पट्ट्या कुठे मिळतात? ही पावडर टाकायची तरी कुठे? नाल्यात ओतायला मन धजत नाही. कोणी हॉटेल किंवा क्लबचा पूल सांभाळत असाल तर कृपया सविस्तर सांगा. आई रोज विचारते.