बाग झोपली तरी उपकारस्तुतीच करायची का?

शरणपूरवाला: गारपीट झाली म्हणून रडत बसू नका. बायबलमधलं स्तोत्र 100 काढा, पाचच वचनं आहेत. उपकारस्तुती करा, आशा आपोआप येते.

निफाडची लेक: दादा, तुमची बाग आहे का? आमची दोन एकर थॉमसन द्राक्षं होती. काढणीला आठ दिवस राहिलेले, व्यापारी भाव ठरवून गेलेला. वीस मिनिटं गारा पडल्या. सकाळी वडील मांडवाखाली नुसते उभे, घडाला हातसुद्धा लावेनात. तेवढ्यात चर्चच्या मंडळीतले एक जण आले नि म्हणाले, ‘धन्यवाद म्हणा.’ त्या दिवसापासून वडील उपासनेला गेलेले नाहीत. 100 वाचता तसं 107 पण वाचा. रानात वाट चुकलेले, कैदी, आजारी, वादळात सापडलेले दर्यावर्दी. चारही वेळा आधी धावा, मग सुटका, आभार त्यानंतर. आणि 88 तर अंधारातच संपतं. की तुमच्या शास्त्रात ते पान चिकटलंय?

शरणपूरवाला: ताई, तुमच्या वडिलांना उद्देशून नव्हतं ते.

निफाडची लेक: गारपीट लिहिलंत. मग काय दुबईवाल्यांना उद्देशून?

नाशिकरोडकर: ताईंचं बरोबर. पण आपल्याकडे धावा काय नि स्तुती काय, सगळं त्याच विलायती चालीत. कवी ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला नि पुढे अभंग लिहिले, ते काय उगाच? पेटी-टाळ काढा, रडणंही जमेल.

क्वायरवाली मावशी: आली का पेटी! आमच्या आईनं चाळीस वर्षं ऑर्गनवर गायलं. तिचं रडणं विलायती होतं का रे?

नाशिकरोडकर: मावशी, स्तोत्र 150 मध्ये डफ आहे, झांजा आहेत.

क्वायरवाली मावशी: आहेत की. ताल चुकवणारे आहेत असं कुठं लिहिलंय? नाताळात ऐकलंय तुला.

नाशिकरोडकर: माइक खराब होता!!

निफाडची लेक: आमची बाग राहिली बाजूला, तुमचा माइक चालू द्या.

शरणपूरवाला: 107 आत्ता काढलं. धावा आधी आहे, मान्य. झालं समाधान? माझी बायको गेली तेव्हा मला धावासुद्धा करता येईना. ‘त्याची दया सनातन आहे’ एवढंच. 136 मध्ये ते 26 वेळा येतं, मी किती वेळा म्हटलं देव जाणे. विश्वास होता म्हणून नव्हे, पुढचं काही सुचतच नव्हतं.

निफाडची लेक: मग हे लिहायचं होतंत ना आधी. ‘आपोआप’ कशाला?
वडिलांनी परवा पेटी काढली होती. गायले नाहीत, नुसता सा धरून बसले. मावशी, चाल विचारू नका.