पी अँड आयडीवर दोन फिटिंगमधलं अंतर लिहावं का?

प्रोसेसवाली:
पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणं कशी जोडली आहेत ते दाखवणारं ड्रॉइंग) स्केलवर काढत नाहीत, म्हणून त्यावर अंतर लिहूच नये, असं आमचे चेकर सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. डीसुपरहीटर घ्या, म्हणजे पाणी फवारून जास्त तापलेली वाफ थंड करणारं उपकरण. फवारलेल्या पाण्याची पूर्ण वाफ व्हायच्या आधीच थर्मोवेल (तापमापक बसवायची नळी) बसवलं, तर थेंब त्यावर आपटतात. तापमान कमी दिसतं, कंट्रोलर पाणी कमी करतो आणि पुढे जाणारी वाफ हवी त्याहून गरम जाते. कंट्रोल लूप कागदावर बरोबर, लाइनवर चूक! अशा जागी 'किमान अंतर' लिहायलाच हवं.

लेआउट टेबल:
असहमत. आज एक टीप लिहाल, उद्या प्रत्येक एल्बोशेजारी टीप येईल. दोन वेल्डमधलं अंतर, फ्लँजचे बोल्ट काढायची जागा, ही कामं पाइपिंग स्पेकची आणि आमची.
शिवाय आकडा शिळा होतो. ऑरिफिस प्लेटच बघा, म्हणजे प्रवाह मोजायची भोकाची चकती. प्रवाहात प्लेटच्या आधी एकच ९० अंशांचा एल्बो असेल, तर आयएसओ ५१६७-२ या मानकातल्या तक्त्याप्रमाणे बीटा (भोक आणि पाइप यांच्या व्यासांचं गुणोत्तर) ०.५ ला पाइपच्या २२ व्यासांइतका सरळ पाइप लागतो आणि ०.६ ला ४२. सहा इंची शेड्यूल ४० लाइनवर हे साधारण ३.४ मीटरवरून ६.५ मीटरवर गेलं. बीटा पक्का होतो साइझिंगनंतर. तोवर ड्रॉइंगवर २२ तसाच राहिला, तर साइटवाल्याने कोणता कागद खरा मानायचा? आकडा डेटाशीटवरच असू द्या.

प्रोसेसवाली:
वेल्डचं अंतर मीही मागत नाहीये. ते तुमचंच. पण डेटाशीट हातात येईपर्यंत पाइप रॅकवरची जागा वाटून झालेली असते. मग साडेसहा मीटर सरळ पाइप आणायचा कुठून? आणि हॅझॉपला, म्हणजे धोके शोधायच्या बैठकीत, टेबलावर पी अँड आयडी असतो. त्यावर जे नाही, त्यावर तिथे प्रश्नच विचारला जात नाही.

इन्स्ट्रुमेंट:
एक बाजू राहिली. त्याच तक्त्यात बीटा ०.६ ला ४२ ऐवजी १३ व्यासही चालतात, पण मापनात ०.५ टक्के जादा अनिश्चितता मोजावी लागते. लूप नुसता कंट्रोलचा असेल तर मी १३ वर खुशाल सही करेन. बिलिंगचा मीटर असेल तर नाही. हा निर्णय पाइपिंगचं मॉडेल काढणाऱ्या मुलावर सोडणं मला चुकीचं वाटतं. माझ्या मते पी अँड आयडीवर 'सरळ पाइप आवश्यक' एवढी टीप आणि मीटरचा टॅग नंबर (ओळख क्रमांक) द्यावा, आकडा डेटाशीटवर.

प्रोसेसवाली:
मीटरपुरतं मान्य. डीसुपरहीटरला मात्र आकडाच हवा. व्हेंडर तो देतोच.

लेआउट टेबल:
व्हेंडर बदलला की तोही बदलतो, मॅडम. मग ती टीप कोण सुधारणार, प्रोसेस की इन्स्ट्रुमेंट? ते नाव ठरेपर्यंत माझा विरोध कायम आहे.