लेक्सस एलएफए: व्ही-10 चा कोन 72 अंशच का?

चौथा गिअर

मंडळी, गेला आठवडाभर एक तक्ता करत बसलोय. नव्या-जुन्या आलिशान स्पोर्ट्स कूपे गाड्या, आणि त्यांच्या इंजिनांचे आकडे एकाखाली एक. एलएफएच्या ओळीवर घोडं अडलंय. 4805 सीसी, व्ही-10 (दहा सिलिंडर, पाच-पाचच्या दोन तिरक्या ओळी, इंग्रजी व्हीसारख्या), टर्बो (हवा कोंबणारा पंखा) नाही. 8700 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 560 पीएस (अश्वशक्ती). टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 480 न्यूटन-मीटर, आणि तोही सात हजारांच्या आसपास गेल्यावर. तिच्या लगेच खाली मर्सिडीझ-एएमजी जीटी एस: 3982 सीसी, व्ही-8, दोन टर्बो, 510 पीएस, पण टॉर्क 650 आणि तो 1750 पासूनच हजर! आठशे सीसीने लहान इंजिन 170 न्यूटन-मीटर जास्त देतंय.

मग एलएफएच्या इंजिनाचं एवढं कौतुक कशाचं? ‘आवाज’ हे उत्तर कृपया नको, ते पाठ झालंय. मला खरं हवंय ते असं: व्ही-10 म्हटलं की सिलिंडरांच्या दोन ओळींमध्ये बरेच जण 90 अंशांचा कोन घेतात, लेक्ससने 72 का घेतला? आणि आयडलपासून (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) 9000 आरपीएम 0.6 सेकंदात, हे खरं की माहितीपत्रकातली फेकाफेक?

स्वल्पविराम

एलएफएचं उत्पादन डिसेंबर 2010 ते डिसेंबर 2012, मोजून 500 गाड्या. जीटी एस 2014 ची. शिवाय एलएफएवरचं काम 2000 सालीच सुरू झालं होतं. पिढीच वेगळी आहे, तुलना जरा जपून.

क्रँकवाला

पिढीचा मुद्दा बरोबर, पण चौथा गिअर यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आधी कोन. फोर-स्ट्रोक इंजिनात सगळी सिलिंडर एकेकदा पेटायला क्रँकचे (पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे लागतात, म्हणजे 720 अंश. सिलिंडर दहा. भागा, 72 आले. क्रँकवर पाच पिना, एकमेकींपासून 72 अंशांवर, आणि प्रत्येक पिनेवर समोरासमोरच्या सिलिंडरांचे दोन रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे). आता दोन्ही बाजूंमधला कोनही 72 ठेवला की ठिणग्या समान अंतराने पडतात. याच क्रँकवर कोन 90 केला तर अंतरं होतात 90, 54, 90, 54. इंजिन लंगडत नाचल्यासारखं. पिन मधोमध 18 अंशांनी फोडली तर चाल सरळ होते, पण फोडलेली पिन म्हणजे क्रँकची दुखरी जागा, तिथे धातू वाढवावा लागतो. 90 वाले वेडे नाहीत, त्यांना बुटकं इंजिन मिळतं. यामाहासोबत हे इंजिन घडवताना लेक्ससने उंचीचा हिशोब ड्राय संपने चुकता केला. तेल वेगळ्या टाकीत, खाली खोल ऑइल पॅन नाही, त्यामुळे अख्खं इंजिन खाली बसवता येतं.

आता 0.6 सेकंद. हा माझा विषय. क्रँकशाफ्ट बॅलन्सिंगच्या मशीनवर अठरा वर्षं काढलीत. शिकाऊ असताना एका रेसिंग इंजिनचे सहा रॉड मी ग्रॅमला ग्रॅम जुळवले आणि खूश झालो. इंजिन टेस्ट बेंचवर चढवलं, आरपीएम वाढवला, तर शेजारच्या बाकावरचा पाना सरकत सरकत खाली पडला. वस्ताद एक अक्षर बोलले नाहीत. इंजिन उघडलं, रॉड पुसून परत माझ्या तराजूवर आणून ठेवले. माझी चूक अशी, की मी प्रत्येक रॉडचं एकूण वजन जुळवलं होतं. रॉडचं मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली धावतं. दोन्ही टोकं वेगवेगळी तोलावी लागतात: एक तराजूवर टेकवायचं, दुसरं टांगून धरायचं. इकडचे दोन ग्रॅम आणि तिकडचे दोन ग्रॅम ही एकच गोष्ट नव्हे.

हे एलएफएला लावून बघा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 79 मिलिमीटर, म्हणजे क्रँकचा हात 39.5. आरपीएम 9000, म्हणजे सेकंदाला 150 फेरे. पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो त्या क्षणी त्याचा त्वरण गुरुत्वाच्या साडेतीन हजार पटींच्याही वर जातो. तिथे 100 ग्रॅम जास्त ठेवलेत तर रॉडला साडेतीनशे किलोंचा जादा हिसका, प्रत्येक फेऱ्याला. तो सोसायला रॉड जाड करा, मग रॉड स्वतःच जड, त्यासाठी क्रँकवरची वजनं वाढवा, बेअरिंग वाढवा... हे चक्र कुठेतरी तोडावंच लागतं. त्यांनी ते टायटॅनियमने तोडलं. रॉड टायटॅनियमचे, व्हॉल्व्हही टायटॅनियमचे. पोलादाच्या मानाने वजन साधारण सहा दशांश. मी टायटॅनियमचा रॉड एकदाच ग्राइंडरला लावलाय. पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-नारिंगी, याच्या पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपतात. धातू मात्र नाठाळ. पोलादावर नुसताच घासला की ओरबाडतो आणि चिकटतो, म्हणून रॉडच्या बाजूंना लेप द्यावा लागतो. स्वस्तात होणारं काम नाही हे.

दुसरी अर्धी गोष्ट हवेची. दहा सिलिंडरांना दहा स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपा. एकच मोठा थ्रॉटल असला की त्याच्या पुढची सगळी पोकळी आधी भरावी लागते. इथे झडप उघडली की हवा थेट सिलिंडरच्या दारात. हलकी फिरती वजनं आणि जवळची हवा, या दोन्ही मिळून 0.6 सेकंद. फेकाफेक नाही. आरपीएमचा काटा या वेगाला पुरत नव्हता म्हणून तर डायलसाठी स्क्रीन बसवला.

टॉर्कचा तक्ता मात्र तुम्ही अर्धाच वाचलाय. 560 पीएस म्हणजे 412 किलोवॅट. 9549 या ठरलेल्या गुणकाने गुणा आणि 8700 ने भागा, टॉर्क निघतो 452. म्हणजे शेंडीपाशीही इंजिन 480 मधले 452 देतंय. 3700 पासून 9000 पर्यंत टॉर्क 90 टक्क्यांच्या खाली येत नाही. जीटी एसचा 650 चा सपाट टॉर्क 4750 ला संपतो आणि पीएसचा कळस 6250 ला. उंच फिरणाऱ्या इंजिनाला गिअर आखूड लावता येतात आणि चाकाशी टॉर्क वाढवून मिळतो. जीटी एसचंही कौतुक आहेच. दोन्ही टर्बो व्हीच्या कुशीत बसवून त्यांनी वायूचा रस्ता आखूड केला. पण पायाखालचं पेडल आणि क्रँक यांच्यात टर्बो नावाचा मध्यस्थ राहतोच.

चौथा गिअर

क्रँकवाले काका, पाना पडला ते वाचून हसू आलं आणि अंगावर काटाही. तुमचं वाचून तक्त्यात एक रकाना वाढवला: पिस्टनचा सरासरी वेग. एलएफए 9000 ला सेकंदाला 23.7 मीटर. जीटी एसचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 83 आणि स्ट्रोक 92, त्यामुळे हाच वेग तिथे साधारण 7730 आरपीएमलाच येईल. आणि गंमत, एका सिलिंडरचं घनफळ दोन्हीकडे जवळपास सारखंच, 480 आणि 498 सीसी! एकाने बुटकं रुंद भांडं घेतलं (88 बाय 79), दुसऱ्याने उभट.

कार्बन कॉपी

इंजिनवरच सगळे थांबलात. एलएफएचं इंजिन पुढच्या चाकांच्या आसामागे बसवलंय, गिअरबॉक्स मागच्या आसापाशी, दोघांना जोडणारी कडक टॉर्क ट्यूब. रेडिएटरसुद्धा मागे. म्हणून वजन पुढे-मागे 48:52. सांगाडा आधी अॅल्युमिनियमचा होता, 2005 मध्ये बदलून कार्बन फायबरवर गेले, म्हणजे निम्मं काम पाण्यात! छताच्या खांबांसाठी कार्बनचे धागे विणायला गोल फिरणारा माग वापरला. टोयोटाचं मूळ घराणंच यंत्रमागांचं, हे मला फार आवडतं. नावडतं ते एकच: गिअरबॉक्स सिंगल क्लचचा, सहा गिअरचा. बदलायला 0.2 सेकंद लागतात. असं इंजिन आणि त्याला हा जोडीदार, जोडा काही जमला नाही.

क्रँकवाला

गिअरबॉक्सबद्दल सहमत.

चौथा गिअर, तुम्ही नको म्हणालात तरी आवाजाचं एक वाक्य खपवून घ्या, कारण ते कोनातूनच येतं. 9000 ला सेकंदाला 150 फेरे, फेऱ्याला पाच ठिणग्या, म्हणजे 750. पेटीवर तार सप्तकातली काळी तीन धरा, 740 च्या आसपास, इंजिन तिच्या केसभर वर. 90-54 अशी चाल असती तर जोडी दर 144 अंशांनी परत आली असती, आणि त्या सुराखाली 375 चा, म्हणजे एक सप्तक खालचा सूर घुमत राहिला असता. 72 मध्ये दोन्ही बाजू मिळून ऐकल्या तर तो बुडतो आणि वरचा एकटा उरतो.

चौथा गिअर

पेटी काढली. काळी तीन दाबून बसलोय. रकाना वाढवावा लागणार.