डिझेल गाडी तापली की घाटात बंद पडते, थंड झाली की चालू होते. नोझल बदलू की आधी दुसरं काही बघू?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. गाडी १.५ लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (हाय प्रेशर पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून चारही नोझलना जातं). २०१३ चं मॉडेल, १ लाख ६० हजार किमी झालेत. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, गावात फिरताना त्रास नाही. चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप तुटतो, गाडी झटके मारते आणि बंद पडते. बोनेट उघडून १५-२० मिनिटं थांबलं की परत चालू. सिग्नलला उभी असली की स्लो रनिंग डोलतं, काटा ७०० ते १००० मध्ये वरखाली होतो. जोर दिला की थोडा काळा धूर. बंद पडताना चेक इंजिनचा दिवा लागतो, नंतर विझतो. डिझेल फिल्टर महिन्याभरापूर्वी बदललाय. गॅरेजमध्ये सांगतात चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) गेले. तो खर्च करण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

धुळे_डिझेल

भाऊ, नोझलला अजून हात लावू देऊ नका. तुमच्या लक्षणांत नोझल शेवटी तपासायची गोष्ट आहे, आणि चारही एकदम जाणं तर फारच क्वचित.

आधी हे सांगा की बंद कशी पडते. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात मरते, की आधी ताकद जाते, झटके येतात आणि मग मरते? पहिला प्रकार बहुधा वायरिंगचा किंवा सेन्सरचा, दुसरा डिझेल कमी पडण्याचा. तुम्ही जे लिहिलंय ते दुसऱ्या प्रकाराकडे झुकतंय.

स्कॅनर लावून घ्या. दिवा विझला तरी कोड मेमरीत राहतो. पी००८७ आला तर रेलमध्ये प्रेशर कमी पडतंय, पी०३३५ आला तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा. फक्त कोड वाचून थांबू नका, लाइव्ह डेटामध्ये मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारी-शेजारी लावून गाडी चालवा. स्लो रनिंगला साधारण २५० ते ३०० बार दिसेल. चढावर दोन्ही आकडे एकमेकांना धरून वर जायला हवेत. मागणी वर जातेय आणि मिळणारं मागे रेंगाळतंय, असं दिसलं की संशय डिझेलच्या वाटेवर.

ही वाट टाकीपासून तपासत यायची. टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला तर टाकीचा व्हेंट (हवा आत घ्यायचं भोक) तुंबलाय. एक दिवस झाकण सैल ठेवून चालवून बघा. मग फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून १०० मिली डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. काळपट, बुळबुळीत गाळ दिसला तर तो पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारा जिवाणूंचा थर असतो. तेव्हा टाकी उतरवून धुवावीच लागते, नुसता फिल्टर बदलून भागत नाही. बरणी उन्हात धरा. चांदीसारखी चमकणारी बारीक पूड दिसली तर हाय प्रेशर पंप घासतोय, आणि तसं असेल तर गाडी चालवणं तिथेच थांबवा, नाहीतर ती पूड रेल आणि नोझलपर्यंत पोचते.

आता हवेचं. तुमच्या गाडीत फिल्टरच्या आधी रबराचा हातपंप आहे का? असेल तर बहुधा टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, इंजिनवरचा पंपच डिझेल ओढून घेतो. अशा गाडीत पाइपला बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे खाली डाग दिसत नाही आणि लोक फसतात. फिल्टर ते पंप या मधल्या पाइपच्या जागी फूटभर पारदर्शक डिझेल पाइप क्लिप लावून बसवा, फक्त तपासणीपुरता. एखाददुसरा बुडबुडा चालतो. आरपीएम २५०० ला धरल्यावर बुडबुड्यांची माळ दिसली तर हवा शिरतेय. गाडी चालू असताना हातपंप चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या जाळीत किंवा लाइनीत.

फिल्टर बदलण्याआधी हा त्रास होता का? हे नक्की आठवून सांगा.

रिले_८७ (भुसावळ)

वरचं सगळं बरोबर. तरी क्रँक सेन्सरवरचा संशय पाच मिनिटांत फेडता येतो, तो फेडून घ्या. गाडी बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा. इंजिन फिरतंय पण काटा शून्यावरून हलतच नाही, तर क्रँक सेन्सरवर संशय. काही गाड्यांत सेल्फवर काटा तसाही हलत नाही, म्हणून स्कॅनरवरचा आरपीएम बघितलेला बरा. खात्री करायला सेन्सरवर ओलं फडकं दाबा. लगेच चालू झाली तर तोच. दोन पिनचा असेल तर काढून ओहम मोजा, बहुतेकांत ५०० ते १५०० च्या मधे येतो, पण नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, कारण आतली तार गरम झाल्यावरच सुटते. तीन पिनचा असेल तर ओहम मोजू नका, त्याला सप्लाय आणि सिग्नल बघायचा असतो.

इंजिन ते बॉडीची अर्थिंग पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासा. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली जात असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गोंधळतो. मेन रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा, खर्च शून्य.

तापीकाठ

तपासून आलो. बंद पडताना आधी ताकद जाते, मग झटके. कोड पी००८७, बाकी काही नाही. सेल्फवर आरपीएम दिसतो. बरणीत पाणी नाही, चमकही नाही. हातपंप आहे आणि तो चपटा होत नाही. पण पारदर्शक पाइपमध्ये २००० च्या वर बुडबुडे सतत येतात. आणि हो, घाटातलं बंद पडणं फिल्टर बदलल्यानंतरच सुरू झालं. स्लो रनिंगचं डोलणं मात्र त्याच्या आधीपासून आहे.

धुळे_डिझेल

मग हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र धरू नका.

फिल्टर बदलताना त्याच्यावरचे प्लास्टिकचे क्विक कनेक्टर काढावे लागतात. आत हिरवी किंवा काळी ओ-रिंग (रबराची गोल सील) असते. ती जुनी होऊन कडक झालेली असते, काढता-घालता कापली जाते आणि तिथून हवा शिरते. फिल्टरची स्वतःची सील आणि पाणी काढायचा स्क्रूही बघा. शोधायचा मार्ग असा: फिल्टरच्या इनलेटला टाकीकडचा पाइप काढून स्वच्छ पाइप जोडा आणि तो ५ लिटरच्या कॅनमधल्या ताज्या डिझेलमध्ये बुडवा. रिटर्नचा पाइपही (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा) त्याच कॅनमध्ये सोडा. गाडी उभीच ठेवायची. बुडबुडे गेले तर दोष टाकी ते फिल्टर या भागात, हातपंपाचे दोन जोड धरून. राहिले तर फिल्टर आणि त्याच्या पुढच्या जोडात.

जोड बदलल्यावर हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे अर्धा मिनिट थांबा. या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, कोरडा फिरवला की तो घासतो. एअर काढायला म्हणून रेलचे लोखंडी पाइप ढिले करायची जुनी सवय इथे अजिबात नको. त्या फवाऱ्याचं प्रेशर कातडी फोडून आत जातं. दिसायला सुई टोचल्यासारखं दिसतं, पण तशीच वेळ आली तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

थंड झाल्यावर गाडी का चालू होते, तेही सांगतो. गरम डिझेल पातळ होतं, त्यामुळे पंप आणि नोझलच्या आतल्या फटींतून जास्त निसटतं. वर हवा मिसळली की पंपाला दाबायला घट्ट काही उरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला असतो, रेलवरून परतणारं तापलेलं डिझेल टाकीतच येतं. टाकी कमी भरलेली असेल तर ते फार लवकर तापतं. उन्हाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. याने दोष जात नाही, पण काठावरची गाडी घाट पार करते.

यावल_रोड

डोलणाऱ्या स्लो रनिंगला आणि काळ्या धुराला आधी ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या गॅसचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) बघा. १ लाख ६० हजारला त्यात काजळी आणि तेलाची डांबरासारखी पेंड साचते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळालेला गॅस इंजिन सतत ओढत राहतं. बॅटरी काढा, व्हॉल्व्ह उतरवा, कार्बोरेटर क्लीनर आणि नायलॉनचा ब्रश वापरा. मोटरच्या बाजूला क्लीनर जाऊ देऊ नका आणि झडप पान्याने रेटू नका, आतले प्लास्टिकचे दात तुटतात. गॅस्केट नवीनच टाका. पत्रा लावून ईजीआर बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, दिवा लागतो आणि गाडी उत्सर्जनाच्या नियमात बसत नाही. इंटरकूलरचे रबरी पाइपही हाताने पिळून बघा. चीर असेल तर टर्बोची हवा निसटते आणि धूर काळाच येतो.

शहादा_शिवार

माझी जुनी गाडी आहे, कॉमन रेल नाही, रोटरी पंप. लक्षणं अशीच. हेच करू का?

धुळे_डिझेल

टाकी, फिल्टर, हवा हे सगळं तेच. फरक एवढा की तुमच्या पंपावर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारी विजेची झडप) असतो, त्याला एक वायर येते. चावी ऑन असताना तिथे १२ व्होल्ट हवेत, आणि वायर लावता-काढता टक् असा आवाज यायला हवा. ते टर्मिनल सैल असेल तर खड्ड्यात गाडी मरते. एअर काढायला फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दीड आटे सोडा, हातपंप मारा, फेस थांबून सलग धार आली की दाबत असतानाच आवळा. आणि रॉकेल मिसळत असाल तर बंद करा भो, त्याला वंगण नाही, पंप खाऊन टाकतं.

तापीकाठ

कॅनवर लावूनही बुडबुडे राहिले, म्हणजे पुढचा भाग. फिल्टरच्या आउटलेटच्या कनेक्टरची ओ-रिंग एका बाजूने कापलेली निघाली. कनेक्टरसकट पाइप बदलला. घाटात मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर आता सोबत चालतं, बंद पडत नाही. ईजीआर साफ केला, धूर गेला. डोलणं कमी झालं, पण थोडं उरलंय. रिटर्न टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक नोझलमधून परत येणारं डिझेल वेगळ्या बाटलीत घेतलं: गरम इंजिन, ५ मिनिटं स्लो रनिंग, चार बाटल्या. तीन जवळपास सारख्या, तिसऱ्या सिलिंडरची दुपटीहून जास्त भरली.

धुळे_डिझेल

मग तिसरा एकच नोझल काढून टेस्ट बेंचवर द्या. रिपोर्ट कागदावर मागा: स्लो रनिंग, मध्यम आणि फुल लोडला किती डिझेल सोडतो आणि किती परत पाठवतो. दुरुस्त होऊन आला किंवा नवीन घेतला तरी खालचा कॉपर वॉशर नवीन टाका आणि बसायची जागा आधी काजळीपासून पूर्ण साफ करा, नाहीतर तिथून कम्प्रेशन निसटून फस्-फस् आवाज येईल. त्या नोझलचा लोखंडी पाइपही नवीन. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. नोझलवर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या. दुरुस्तीनंतर नवा कोड मिळाला असेल तर तोच भरायचा. हे बरेच जण टाळतात, आणि मग नोझल चांगला असूनही गाडी डोलत राहते.