सत्तर वर्षांचं वायरिंग: उपटून टाकावं की दुरुस्त करावं?

तांबट

गाडी १९५४ ची, ब्रिटिश, १२ व्होल्टची, डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र). गेल्या आठवड्यात रात्री हेडलाइट लावून इंजिन नुसतं चालू ठेवलं होतं. पाच मिनिटांत डॅशबोर्डमागून आधी वास आला, मग धूर. बॅटरीचं टर्मिनल सोडवायला पाना शोधण्यात जे अर्धं मिनिट गेलं ते अजून स्वप्नात येतं.

फ्यूज एकही उडाला नाही. उडणार कसा? फ्यूज आहेत मोजून दोन. स्टार्टरच्या सोलेनॉइडपासून (स्टार्टरचा विजेवर चालणारा मोठा स्विच) कटआऊटकडे (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) आणि तिथून इग्निशन व लाइटच्या स्विचकडे जाणारी जाड तपकिरी वायर कुठल्याच फ्यूजमधून जात नाही. हेडलाइटही तसेच. ती वायर कुठे बॉडीला टेकली, तर अख्खी बॅटरी तिच्यातूनच रिकामी होणार.

तर माझं मत असं: रबरी इन्सुलेशन आणि वरून सुती विणीचं कापड असलेला हार्नेस (वायरींचा जुडगा) अजून गाडीत असेल तर तो संपूर्ण काढावा, नवा घालावा. इथे टेप, तिथे जोड, हे ठिगळकाम म्हणजे आगीला आमंत्रण. ज्यांना पटत नाही त्यांनी का पटत नाही ते सांगावं.

मल्टीमीटर_मावशी

असहमत. धूर कुठून आला ते न बघताच तुम्ही शिक्षा ठोठावून मोकळे झालात. चोर सोडून संन्याशाला फाशी!

जुन्या गाडीत दिसणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ माझ्या हाताला तरी अर्थच्या (करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट) आणि कनेक्टरच्याच लागल्यात. ब्रेक दाबला की शेजारचा टेललाइट मंदावतो, इंडिकेटरबरोबर पेट्रोलचा काटा नाचतो, हेडलाइट पिवळट पडतात. करंटला परतीची धड वाट मिळत नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या दारातून घुसतो.

एक साधी चाचणी करा. हेडलाइट चालू ठेवा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थवाल्या खांबावरच लावा (क्लॅम्पवर नको, खांबावर), दुसरी हेडलाइटच्या अर्थच्या टोकाला. वाचन ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर दोष त्या वाटेत आहे. मी एका गाडीत १.३ मोजलेत. बोल्ट काढला, खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घालून आवळला, वरून ग्रीस फासलं. ०.०५ वर आलं. वायर एकही बदलली नाही. साध्या बल्बला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून तो एक बोल्ट नवीन दिव्यांपेक्षा जास्त काम करतो.

तांबट

मावशी, अर्थ मीही घासलेत, अगदी इंजिन ते चॅसीचा पट्टासुद्धा नवा टाकलाय. पण धूर अर्थमधून आलेला नाही.

तुम्हीही एक चाचणी करा. इंजिनाजवळची कुठलीही जुनी वायर बोटाभोवती एक वेढा घेऊन बघा. माझ्या हातात रबराचे पोपडे आले, कापडाची नुसती नळी उरली आणि आत उघडं तांबं. ते तांबंही काळं. दोन इंच मागे सोललं तरी काळंच, सोल्डर धरेना. ही वायर आज चालतेय ती फक्त कुणी तिला हलवत नाही म्हणून.

रिले_रेसर

हार्नेस बदलायला हवा, यात वाद कसला? वाद असेल तर तो एवढाच, की जसाच्या तसा का बदलायचा? त्या काळची चूक नव्या तांब्यात पुन्हा करायची?

६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. ते सगळे डॅशबोर्डवरच्या इवल्याशा स्विचमधून जाऊन परत समोर येतात. रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला: त्याच्या ३० नंबरच्या टोकाला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ ला स्विच. स्विचवर उरतात अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. वायर थिनवॉल (पातळ इन्सुलेशनची) घ्या. जुन्या जाड पीव्हीसीच्या २ चौ.मिमी वायरला १७.५ अँपिअर धरतात, थिनवॉलच्या तेवढ्याच तांब्याला २५, शिवाय जुडगा बारीक होतो. प्रत्येक सर्किटला वेगळा ब्लेड फ्यूज (हल्लीचा, चपट्या पात्यांचा). आणि हात लागलाच आहे तर पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेलं) घालवून डायनॅमोच्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा, ब्याद जाईल.

जैसे_थे

ब्याद? गाडी अशीच बनली होती, महाराज.

फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ साली तुरीन सनद मंजूर केली. तिचा रोख सरळ आहे: आहे ते टिकवा, बदल करावाच लागला तर डोळ्यावर येणार नाही आणि मागे घेता येईल असा करा, काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपा. तुमचा ब्लेड फ्यूजचा काळा डबा फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) चार भोकं पाडून बसणार. ती भोकं कशी मागे घेणार?

रंगांचंही बघा. तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल साइडलाइटची, काळी अर्थ. हे पाठ असलं की टॉर्च तोंडात धरून डॅशखाली उताणं पडलेल्या माणसालाही गाडी वाचता येते. घरगुती हार्नेसमध्ये लाल आणि काळ्या दोनच रिळी वापरलेल्या मी पाहिल्यात. पुढच्या मालकाने कपाळावर हात मारून घ्यायचा.

रिले_रेसर

रंग पाळायला माझी ना नाही, थिनवॉल सगळ्या रंगांत मिळते. पण सनद धूर विझवत नाही. हलके घ्या.

खोकं_नंबर_सात

मीही 'पूर्ण काढून नवं घालू' म्हणालो होतो. हार्नेस काढला, मग वाटलं डॅशबोर्ड काढलाच आहे तर रंग देऊ, मग सीट. चौथं वर्ष चालू आहे. वायरींना चिठ्ठ्या लावल्या होत्या, शाई उडाली. बाकी चर्चा छान.

मल्टीमीटर_मावशी

@रिले_रेसर, पोलॅरिटी (बॉडीला + की -) बदलणं म्हणजे बॅटरी फिरवून बसवणं नव्हे. इग्निशन कॉइलची टोकं बदलायची, अ‍ॅमीटरची (करंट दाखवणारा काटा) बदलायची, डायनॅमो ठेवणार असाल तर बॅटरीतून त्याच्या फील्डच्या (आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याच्या) टोकाला क्षणभर वायर टेकवून तो नव्याने पोलराइझ करायचा. अल्टरनेटर बसवलात तर जुना अ‍ॅमीटर आणि त्याची वायर तपासा. २२ अँपिअरच्या डायनॅमोसाठी ओढलेल्या वायरीतून तुम्ही दीडपट-दुप्पट करंट ढकलणार. आग लावायची हीसुद्धा एक पद्धत आहे, फक्त नवी.

आणि फ्यूजवरच्या आकड्याबद्दल कुणीच बोललं नाही. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलंय ते 'इथे उडेन' या अर्थाने, सलग तो १७ च झेलतो. हल्लीच्या बहुतेक काचेच्या फ्यूजवरचा आकडा सलग करंटचा असतो. आकडा जुळवून ३५ चा घातलात तर तो ३५ अँपिअर शांतपणे वाहू देईल आणि मागे १७.५ ची वायर भाजत बसेल. तांबटदादा, तुमच्याकडे कुठला आहे?

तांबट

फ्यूज बघितले. दोन्ही नव्या पद्धतीचे, ३५ चे. मीच घातलेले. बोलत नाही पुढे.

पण धूर फ्यूजमागून नव्हता, तेव्हा काल ब्लेड घेऊन डॅशमागचा जुडगा उभा चिरला. लाइट स्विचच्या वीतभर अलीकडे कुणीतरी कधीकाळी रेडिओसाठी तपकिरी वायर सोलून तिच्यावर दुसरी पिळून गुंडाळलीय. सोल्डर नाही, वर कापडी टेप, तोही सुटलेला. त्या सुटलेल्या टोकाचा ठिपका स्टीअरिंगच्या खांबावर भाजलेला स्पष्ट दिसतो. म्हणजे मावशी, तुमचा चोर सापडला, तो संन्याशाच्या गळ्यातच लटकत होता. पण त्याने जाताना शेजारच्या पाच वायरी वितळवून एकमेकींना चिकटवल्यात. त्या सोडवताना उरलेलं रबर गळून पडलं.

ठरवलंय ते असं. पुढचा आणि डॅशचा हार्नेस नवा, कापडी विणीचाच, मूळ रंगांत. मागचा, छताच्या कडेने टेललाइटला जाणारा, उन्हातेलापासून लांब राहिलाय. वेढा घेऊन पाहिला, रबर मऊ आहे, तो राहील. बॅटरीजवळ तपकिरी वायरीवर एक ४० चा मुख्य फ्यूज, सोलेनॉइडमागे लपवलेला, आहे त्याच बोल्टवर. अर्थ पॉझिटिव्हच.

मल्टीमीटर_मावशी

मागचाही आता राहतोय, तर मुळात 'संपूर्ण काढावा' हे वाक्य मागे घ्या की.

तांबट

'रबर मऊ असेल तर सोडून' एवढं जोडतो. मागे घेत नाही.

रिले_रेसर

आणि हेडलाइटचे रिले?

जैसे_थे

नको. आणि तो चिरलेला जुडगा टाकू नका. नवा आला की शेजारी पसरून एकेक फाटा किती लांबीवर फुटतो ते मोजून घ्या, मग नवा आत ओढा. जुन्याच्या शेपटाला दोरी (जुना ओढून काढताना ती त्याच्या वाटेत राहते, तिनेच नवा ओढायचा) बांधायची राहिली असेल तर तीही आत्ताच बांधा, मागचा उद्या बदलावा लागला तर लागेल.