आधी आवाजाची फाइल मोबाइलवर ऐका

लिनक्सवर ईस्पीक (मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वाचताना आवाज तुटत असेल, तर ते काढून पुन्हा टाका, असा सल्ला दिला जातो. ते अगदी शेवटी करा. आवाज तुटतोय म्हणजे ईस्पीकच बिघडलंय असं नाही. आधी टर्मिनलवर ईस्पीक-एनजीला (ईस्पीकची सध्याची आवृत्ती) ‘-डब्ल्यू’ पर्याय देऊन तेच वाक्य वेव्ह फाइलमध्ये उतरवा आणि ती फाइल मोबाइलवर घेऊन ऐका. तिथे स्वच्छ असेल तर दोष पुढे आहे: स्पीच-डिस्पॅचर (वाचायचा मजकूर ईस्पीककडे पोचवणारा दुवा), पाइपवायर (आवाज साउंड कार्डापर्यंत नेणारी यंत्रणा) किंवा साउंड कार्डात. सलग खरखर असेल तर पाइपवायरचा क्वांटम (एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या आवाजाच्या तुकड्याचा आकार) १०२४ करून बघा, बफर म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा लहान पडत असतो.

आमच्या भाचीचं दुखणं मात्र वेगळं निघालं. ती भुसावळला शिकते, दिसत नसल्यामुळे सगळा अभ्यास ऑर्का या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर. लांब परिच्छेद नीट वाचला जायचा, पण थांबून बाणाची कळ दाबली की ‘चाळीसगाव’चं ‘ळीसगाव’ व्हायचं. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की हे हमखास. कारण वीज वाचवायला साउंड कार्ड झोपी जायचं आणि जागं होईपर्यंत पहिलं अक्षर निघून जायचं. एसएनडी-एचडीए-इंटेल या साउंड कार्डाच्या ड्रायव्हर मॉड्यूलचं ‘पॉवर_सेव्ह’ ० केलं, मोडप्रोबच्या (मॉड्यूल चढवणाऱ्या आज्ञेच्या) सेटिंगमध्ये कायमचं लिहिलं, आणि शब्द पूर्ण यायला लागले. तरीही फरक पडला नाही तर वायरप्लंबर (पाइपवायरचा कारभार बघणारा प्रोग्राम) बघा. तोही ५ सेकंद शांतता असली की आउटपुट बंद करतो, ती मुदत ० केली की थांबतं. ज्याचं सगळं वाचन कानावर आहे त्याला पहिलं अक्षर गेलेलं चालत नाही, तेव्हा बॅटरी थोडी जास्त गेली तरी जाऊ द्या.