मदत हवी आहे: मामांच्या तोंडातला व्रण भरत नाहीये, डॉक्टर बायोप्सी म्हणतात, घरचे नको म्हणतात (सोलापूर)

सोलापुरी_सई:
नमस्कार, जरा लांबड लागेल पण कुणाला विचारावं कळेना म्हणून इथं लिहितेय. माझे मामा, पन्नाशीच्या पुढचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मावा सुरू झाला तो कित्येक वर्षं चालूच आहे, प्लास्टिकच्या कागदात सुपारी तंबाखू चुना घोटायचा आणि डाव्या गालात धरायचा, कायम डाव्याच. हल्ली जेवताना तोंड नुसतं आगआग होतं, आणि सोलापूरचा माणूस शेंगा चटणी बाजूला सारायला लागला तेव्हाच मामीला शंका आली. तोंड पण पूर्ण उघडत नाही, दोन बोटं कशीबशी जातात, कडक भाकरी दुधात कुस्करून खातात. त्यात दीडदोन महिन्यांपासून डाव्या गालाच्या आत खालच्या दाढेजवळ व्रण आहे, कडा जाड, बोटाला टणक लागतो, भोवती पांढरट आणि मधे लाल. एका दवाखान्यात दाढ घासतेय म्हणून जेल आणि बी-कॉम्प्लेक्स दिलं, दुसऱ्या डॉक्टरांनी बघताक्षणी बायोप्सीची चिठ्ठी लिहून दिली.

आता थोरले मामा म्हणतात कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो, अजिबात हात लावू द्यायचा नाही. मामा स्वतः म्हणतात, दुखत नाही तर कापायचं कशाला की. खरंच पसरतो का? तोंड न उघडणं आणि हा व्रण एकच आजार आहे का? आणि न्यायचं कुठं, पैशाचं काय?

पंढरपुरी_डेंटिस्ट:
ताई, इथं वाचून कॅन्सर आहे की नाही हे मीच काय कुणीच सांगू शकणार नाही, बायोप्सी असते ती त्यासाठीच. पसरतो हा गैरसमज आहे. जागा बधिर करून कडेचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढतात, एखादा टाका पडतो, त्याच दिवशी घरी. लोकांना तसं का वाटतं तर बरेच जण रोग वाढल्यावरच येतात, मग बायोप्सीनंतर दोनचार महिन्यांत माणूस खचला की दोष बायोप्सीला. कित्येकदा तर रिपोर्ट हातात पडल्यावरही घाबरून घरी बसलेले असतात, तेवढ्यात रोग पुढं जातो.

तोंड न उघडणं हे तुम्ही लिहिलंय त्यावरून सबम्युकस फायब्रोसिस वाटतंय. सुपारीनं गालाच्या अस्तराखाली तंतू साचतात, गाल चामड्यासारखा होतो. नुसती सुपारी खाणाऱ्यालाही होतो, तंबाखू पाहिजेच असं नाही. तो स्वतः कॅन्सर नाही, पण त्याच तोंडात पुढं कॅन्सर व्हायची शक्यता वाढते, म्हणून तिथला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही की वाट बघायची नाही. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. आणि दुखत नाही यावर जाऊ नका, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. मानेत गाठ, त्याच बाजूचा कान ठणकणं, दात हलणं, ओठ बधिर होणं यातलं काही आहे का ते बघा. मावा आजपासून बंद. साचलेले तंतू त्यानं जात नाहीत, पण पुढचं नुकसान थांबतं.

बार्शीचा_बाळ्या:
आमच्या चुलत्यांचं असंच होतं म्हणून लिहितो. सोलापुरात सिव्हिलला दाखवता येईल नाहीतर सरळ बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला या, एसटीनं दीडदोन तास. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी, म्हणजे कुणाला कॅन्सर झाला त्याची नोंद ठेवायचं काम, 1987 मध्ये बार्शीलाच सुरू झाली, म्हणजे इथल्या डॉक्टरांना हा आजार काही नवा नाही. ऑपरेशन, रेडिएशन लागलंच तर सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा, पैसे भरायच्या आधी, नंतर नाही.

अजून एक, रिपोर्टवर मॉडरेटली डिफरन्शिएटेड असलं काही वाचून घरात रडारड नको, आमच्याकडं तेच झालं. ती ग्रेड असते, पेशी किती बिघडल्यात त्याची. स्टेज वेगळी, ती गाठ केवढी, किती खोल, मानेत गेलीय का यावरून ठरते, त्यासाठी सीटी किंवा एमआरआय करतात. डिस्प्लेशिया, म्हणजे पेशी बिघडायला लागल्यात असं आलं तर तो अजून कॅन्सर झालेला नसतो, पण वाऱ्यावर सोडायचा नाही.

पंढरपुरी_डेंटिस्ट:
बाळ्याभाऊ बरोबर. भर एवढीच की रेडिएशन ठरलं तर खराब दात आधीच काढून घ्यायचे, नंतर काढले तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. हे विचारायला लोक हमखास विसरतात.

सोलापुरी_सई:
सगळ्यांचे आभार, हे मोबाईलवरून मामीला वाचून दाखवलं. मानेत गाठ लागत नाही पण कान ठणकतो म्हणे, आम्ही समजत होतो पंख्याखाली झोपतात म्हणून. सोमवारी नेतोय, थोरले मामा अजून गप्प आहेत पण गाडी तेच काढणार. उपाशीपोटी न्यायचं का? बीपीची गोळी आणि रक्त पातळ व्हायची एक गोळी चालू आहे. आणि आज्जी रोज मिश्री लावते, ते पण यातच येतं का?

पंढरपुरी_डेंटिस्ट:
जागा बधिर करूनच करतात, त्यामुळे सहसा खाऊन गेलं तरी चालतं. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, चिठ्ठी दाखवा, ते सांगतील तसं. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की. आज्जीला पण सोबत न्या, हिरड्या आणि ओठाच्या आतली बाजू बघून घेऊ दे.